रोमचे रौप्यपदक

९ सप्टेंबर १९६० या दिवशी इटलीची राजधानी रोम येथे हॉकीचा एक सामना झाला. एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला पाकिस्तान. ऑलिंपिक स्पर्धेतला हा अंतिम सामना. सत्तर मिनिटांच्या खेळात गोल झाला तो एकच, आणि तो पाकिस्तानने केला. हकीकत म्हटली तर एवढीच. पण त्या एका गोलाने, १९२८ सालापासून भारताकडे चालत आलेले हॉकीचे अजिंक्यपद त्या दिवशी दुसऱ्याच्या हाती गेले. आपल्या खेळांच्या इतिहासात या दिवसाचा उल्लेख येतो तो बहुधा एका ओळीत, आणि तोही काहीसा मान खाली घालून. त्या संघात कोण होते, ते कसे खेळले आणि हरले तर का हरले, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. ती आज आपण करू.

ज्यांनी हॉकी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. मैदान साधारण शंभर यार्ड लांब आणि साठ यार्ड रुंद. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी. प्रत्येकाच्या हातात टोकाशी वाकवलेली लाकडी काठी, तिला स्टिक म्हणतात. तिच्या फक्त सपाट बाजूने चेंडू मारायचा, पाय लावायचा नाही. पायाने चेंडू अडवण्याची मुभा एकट्या गोलरक्षकाला. आणि गोल कुठूनही मारला तर चालत नाही. गोलासमोर एक अर्धवर्तुळ आखलेले असते, त्याच्या आतून मारलेला गोलच खरा. म्हणजे लांबून जोर काढून भागत नाही. चेंडू काठीला चिकटल्यासारखा नाचवीत आत न्यावा लागतो, आणि त्या कामात आपले लोक फार वाकबगार होते.

हा खेळ आपल्याकडे आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. छावण्यांमधून, रेल्वेच्या वसाहतींमधून, मिशनच्या शाळांमधून तो वाढला. कलकत्त्याला बायटन चषकाचे सामने १८९५ मध्ये सुरू झाले, मुंबईला आगाखान चषकाचे १८९६ मध्ये. खेड्यात मात्र हॉकी फारशी पोचली नाही. आपल्याकडे मुले विटीदांडू, आट्यापाट्या आणि हुतूतू खेळत राहिली. त्यामुळे गंमत अशी की, ज्या खेळात भारत जगात पहिला होता तो खेळ भारतातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. त्यांना त्याचा निकाल तेवढा ठाऊक असे, आणि तो निकाल दर वेळी एकच असे.

तो निकाल काय होता ते आता पाहू. शिक्षकबंधूंनी हे आकडे वर्गात फळ्यावर मांडून दाखवावेत. गोष्ट त्या आकड्यांतच आहे.

१९२८ साली ॲम्स्टरडॅमला भारत प्रथम खेळला. पाच सामने, एकोणतीस गोल केले, अंगावर एकही घेतला नाही. अंतिम सामन्यात हॉलंडवर ३-०. ध्यानचंद यांचे नाव जगाला कळले ते इथे. १९३२ साली लॉस एंजेलिसला जपानवर ११-१ आणि अमेरिकेवर २४-१. (खरे सांगायचे तर त्या वर्षी संघच तीन आले होते. अमेरिका दोन्ही सामने हरली आणि तरी कांस्यपदक घेऊन गेली.) १९३६ साली बर्लिनला अंतिम सामन्यात जर्मनीवर ८-१. तो दिवस होता १५ ऑगस्ट. पुढे अकरा वर्षांनी त्या तारखेला वेगळाच अर्थ यायचा होता. मग महायुद्ध आले आणि दोन ऑलिंपिके झालीच नाहीत. १९४८ साली लंडनला, स्वातंत्र्याला वर्ष पुरे होण्याच्या तीन दिवस आधी, वेंब्लीच्या मैदानावर ज्यांच्याकडून खेळ शिकलो त्या इंग्रजांवर ४-०. १९५२ साली हेलसिंकीला हॉलंडवर ६-१, त्यातले पाच गोल एकट्या बलबीरसिंगांचे. १९५६ साली मेलबर्नला पाकिस्तानवर १-०.

सहा ऑलिंपिके आणि सहा सुवर्णपदके. पंचवीस सामने खेळले आणि पंचवीसही जिंकले. एकंदर गोल १७८ आणि अंगावर घेतलेले फक्त सात. जगाच्या पाठीवर कोणत्याही खेळात अशी उदाहरणे थोडीच सापडतील.

पण फळ्यावरच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. अंतिम सामन्याचे निकाल आठ-एक, चार-शून्य, सहा-एक आणि मग एकदम एक-शून्य असे येतात. मेलबर्नला सुरुवातीच्या सामन्यांत अफगाणिस्तानवर चौदा, अमेरिकेवर सोळा आणि सिंगापूरवर सहा गोल झाले. स्पर्धेत भारताचे एकूण गोल अडतीस झाले आणि अंगावर एकही नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटले, सारे पूर्वीसारखेच आहे. परंतु उपांत्य सामन्यात जर्मनीवर निभावले ते १-० ने आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानवरही १-० नेच. तो गोल रणधीरसिंग जेंटल यांनी उत्तरार्धात पेनल्टी कॉर्नरवर केला. कर्णधार बलबीरसिंग मोडलेल्या बोटाने खेळत होते. म्हणजे छत्तीस गोल केले ते दुबळ्या संघांवर, आणि तुल्यबळ संघ समोर आले तेव्हा दोन सामन्यांत मिळून दोन. सुवर्णपदक मात्र आठ-एकने मिळाले काय किंवा एक-शून्यने मिळाले काय, सारखेच चमकते. त्यामुळे हा फरक फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही.

दोन वर्षांनी तो नजरेत भरायला हवा होता. १९५८ साली टोकियोला आशियाई स्पर्धेत प्रथमच हॉकी ठेवली गेली. भारत आणि पाकिस्तान यांचा सामना ०-० असा बरोबरीत सुटला. गोलांच्या हिशेबात पाकिस्तान पुढे ठरले आणि सुवर्णपदक त्यांना मिळाले. तिथे आपण हरलो नव्हतो, हे खरे. पण जिंकलोही नव्हतो.

हे असे का झाले, याचे उत्तर शोधायला थोडे मागे, १९४७ सालात जावे लागते.

दोन भावांची वाटणी होते तेव्हा शेत मोजून देता येते, भांडीकुंडी मोजून देता येतात. पण शेतकीचे जे ज्ञान बापाने दोघांना दिलेले असते ते वाटता येत नाही. ते दोघांकडेही पुरतेच राहते. हॉकीचे तसे झाले. फाळणीपूर्वी भारताचा जो संघ जाई त्यात पंजाबचे खेळाडू असत, आणि तो पंजाब आता दोन देशांत विभागला गेला. १९३६ साली बर्लिनला पोचल्यावर सरावाच्या सामन्यात आपला संघ जर्मन संघाकडून ४-१ असा हरला, तेव्हा घाबरून भारतातून ज्यांना तातडीने बोलावून घेतले ते अली इक्तिदार शाह दारा. अंतिम सामन्यातल्या आठ गोलांपैकी दोन त्यांचे. हेच दारा बारा वर्षांनी लंडनला पाकिस्तानचे कर्णधार म्हणून उतरले. लतीफ-उर-रेहमान आणि अख्तर हुसेन या दोघांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १९४८ साली ते भारताच्या संघात होते आणि सुवर्णपदक घेऊन परतले. पुढे ते पाकिस्तानात गेले, आणि १९५६ साली मेलबर्नला भारताविरुद्ध हरलेल्या संघात होते. एकाच माणसाच्या घरी एक पदक भारताचे आणि एक पाकिस्तानचे!

पाकिस्तानची चढण पाहण्यासारखी आहे. १९४८ साली चौथा क्रमांक, १९५२ साली चौथा, १९५६ साली दुसरा. पुढची पायरी कोणती हे शाळकरी पोरही सांगेल.

वाटणी दोघांतच झाली असती तरी एक वेळ ठीक होते. एक तिसराही वाटेकरी होता, त्याच्याकडे आपले लक्ष नसते. आपल्या जुन्या हॉकी संघांत अँग्लो-इंडियन खेळाडूंचा मोठा भरणा असे. रेल्वे, कस्टम्स, तारखाते अशा नोकऱ्यांतली ही माणसे. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांतली पुष्कळ कुटुंबे देश सोडून गेली, आणि त्यांतली बरीच ऑस्ट्रेलियात जाऊन राहिली. जबलपूरचे पिअर्स हे असेच एक कुटुंब. त्या घरातले पाच भाऊ पुढे ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. रोमला उपांत्यपूर्व सामन्यात भारताची गाठ ऑस्ट्रेलियाशी पडली तेव्हा समोरच्या संघात एरिक आणि ज्युलियन हे दोघे पिअर्स होते. नर्मदाकाठी जन्मलेली ही पोरे आपल्याच तऱ्हेची हॉकी आपल्याशी खेळत होती.

आता रोमच्या संघाकडे वळू. हा संघ दुबळा होता असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही.

कर्णधार लेस्ली क्लॉडियस. जन्म मध्य प्रांतातल्या बिलासपूरचा. आधी फुटबॉल खेळणारा हा तरुण हॉकीकडे वळला आणि हाफबॅकच्या जागेवर त्याने असे नाव काढले की १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तिन्ही सुवर्णपदके त्याच्या खात्यावर जमा झाली. रोम हे त्यांचे चौथे ऑलिंपिक. आघाडीला उधमसिंग, तेही दोन सुवर्णपदके मिळवलेले. मागच्या फळीत पृथीपालसिंग. पेनल्टी कॉर्नरवर त्यांचा फटका असा बसे की गोलरक्षकाला चेंडू दिसण्याआधी ऐकू येई. शिवाय मोहिंदरलाल, चरणजितसिंग, रघबीरसिंग भोला, जोगिंदरसिंग, जसवंतसिंग, जॉन पीटर, जोसेफ अँटिक, जमनलाल शर्मा. गोविंद सावंत हे नावही त्या संघाच्या यादीत आहे.

आणि गोलात उभे होते शंकर लक्ष्मण. त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या माणसाचे आपल्याशी नाते आहे. जन्म १९३३ साली महूचा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तेच हे महू, इंदूरजवळच्या छावणीचे गाव. १९४७ साली हा मुलगा सैन्यात भरती झाला तो शिपाई म्हणून नव्हे, तर बँडवाला म्हणून. पुढे त्याची सारी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत झाली. बँड वाजवणाऱ्या पोराने पलटणीच्या मैदानावर हॉकी उचलली आणि तो देशाचा गोलरक्षक झाला. त्या काळी गोलरक्षकाला आजच्यासारखे तोंडावर जाळी असलेले शिरस्त्राण नसे. पायाला पॅड, हाताला मोजे, आणि बाकी छाती उघडी. चेंडू कठीण, क्रिकेटच्या चेंडूसारखाच. समोरून तो येताना डोळे मिटायचे नाहीत, एवढाच काय तो मंत्र.

रोमला पहिले सामने नेहमीसारखे गेले. डेन्मार्कवर १०-०, हॉलंडवर ४-१, न्यूझीलंडवर ३-०. मग बाद फेरी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ठरलेल्या वेळेत गोलच होईना. जादा वेळ द्यावी लागली आणि तीत कसाबसा एक गोल झाला. निकाल १-०. उपांत्य सामन्यात ग्रेट ब्रिटनशी गाठ पडली. उधमसिंगांनी गोल केला. निकाल पुन्हा १-०. पण त्या सामन्यात चरणजितसिंग जखमी झाले आणि अंतिम सामन्याला मुकले.

मेलबर्नचा उपांत्य सामना १-०. मेलबर्नचा अंतिम सामना १-०. रोमचा उपांत्यपूर्व १-० आणि उपांत्यही १-०. ऑलिंपिकच्या बाद फेरीत लागोपाठ चार वेळा हा संघ एकाच गोलाच्या आधारावर पार झाला होता. बैलाने चार वेळा गाडी दरीच्या काठाकाठाने नेली आणि चारही वेळा ती सुखरूप गावात आली, तर लोक बैलाची तारीफ करतात; काठ किती जवळ आला आहे तिकडे बघत नाहीत. पाकिस्तानही उपांत्य सामन्यात स्पेनवर १-० नेच जिंकून आले होते. म्हणजे दोघांच्याही अंगात सारखेच बळ उरले होते.

सामना ठेवला होता ऑलिंपिक वेलोड्रोममध्ये. हे मुळात सायकलींच्या शर्यतींसाठी बांधलेले क्रीडागार. भोवती उतरता लाकडी पट्टा आणि मध्ये हिरवळ. (ते क्रीडागार आता उरलेले नाही. २००८ साली ते पाडून टाकण्यात आले.) पाकिस्तानचे कर्णधार अब्दुल हमीद, ज्यांना सगळे हमीदी म्हणत. तेही क्लॉडियसप्रमाणेच १९४८ पासून ऑलिंपिक खेळत आलेले. दोघा कर्णधारांपैकी एकाच्या गाठीशी तीन सुवर्णपदके होती. दुसऱ्याला तीन वेळा येऊन एकही मिळालेले नव्हते.

सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. पूर्वार्धातच पाकिस्तानचे नसीर अहमद, ज्यांना नसीर बुंदा म्हणून ओळखत, त्यांनी शंकर लक्ष्मणला चुकवून चेंडू गोलात घातला. १-०.

आजवर एकाही अंतिम सामन्यात असे घडले नव्हते की हाती वेळ थोडा उरला आहे, गोल करायचाच आहे आणि तो होत नाही. या संघाला आघाडी राखण्याची सवय होती, पिछाडी भरून काढण्याची नव्हती. ती सवय लागणार तरी कशी? तीस सामने लागोपाठ जिंकणाऱ्याला हरण्याच्या कडेवरून परत फिरण्याचा सराव कुठून मिळणार? हे माझे मत आहे, कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण पाकिस्तानने हा धडा मेलबर्नला गिरवला होता, एका गोलाने हरून. रोमला त्यांनी एक गोल केला आणि मग उरलेला सारा वेळ तो जिवापाड सांभाळला. भारताने पुढे होऊन पुष्कळ प्रयत्न केले. बरोबरीचा गोल काही झाला नाही, आणि शिट्टी वाजली.

या पराभवाची कारणे सांगणारे पुष्कळ झाले. बलबीरसिंगांना संघात घ्यायला हवे होते, असे काही म्हणतात. चरणजितसिंग जखमी झाले नसते तर, असेही म्हणतात. नशिबाचे नाव तर नेहमीचेच. यातले काहीच अगदी खोटे नाही. पण एक माणूस असता तर, एक दुखापत नसती तर, अशा कारणांवर ज्या संघाचे अजिंक्यपद अवलंबून राहते, त्याचे वर्चस्व आधीच गेलेले असते. राहिलेली असते ती फक्त बरोबरी. १९३६ च्या संघाचा एखादा मोहरा आजारी पडला असता तर आठ-एकच्या जागी सहा-एक झाले असते, इतकेच. रोमच्या संघाकडे तेवढी पुंजी नव्हती. त्यात त्या अकरा जणांचा दोष कमी होता. ज्या विहिरीचे पाणी पूर्वी एकाच मळ्याला जात होते ते आता तीन मळ्यांना जात होते. शिवाय जर्मनी, ब्रिटन, स्पेन, हॉलंड हे संघही आता आपल्याला बिचकत नव्हते. ही गोष्ट ज्यांनी निकालाच्या पलीकडे पाहायचे त्या जाणत्यांनी ओळखायला हवी होती.

संघ घरी आला तेव्हा देशभर हळहळ होती. वर्तमानपत्रांतून टीका झाली. जणू घरातले कोणी गेले होते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. रोमच्या त्या ऑलिंपिकमध्ये भारताला एकंदर पदके किती मिळाली? एक. हेच रौप्यपदक. हॉकीच्या संघाने ते आणले नसते तर भारत रिकाम्या हाताने परतला असता. अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधी, ६ सप्टेंबरला, त्याच रोममध्ये मिल्खासिंग चारशे मीटरची शर्यत धावले आणि चौथे आले. थोडक्यात पदक हुकले. मिल्खासिंगांची ती धाव लोकांनी हृदयाशी धरली, आणि योग्यच केले. आजही शाळेतली पोरे ते नाव घेतात. पण चौथ्या क्रमांकाचे कौतुक करणारे तेच लोक दुसऱ्या क्रमांकावर रुसले.

आणि आठ वर्षे मागे जा. १९५२ साली हेलसिंकीहून आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा त्यांच्या स्वागताला शंभरावर बैलगाड्या जुंपून मिरवणूक निघाली. कांस्याला बैलगाड्या, आणि रौप्याला गप्प बसणे! गोळेश्वरच्या लोकांनी पदकाचा धातू तपासला नव्हता. आपल्या मातीतला माणूस केवढ्या जगात जाऊन उभा राहिला, हे त्यांना दिसले होते. हॉकीवाल्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही, कारण त्यांच्या आधीच्या सहा पिढ्यांनी सुवर्णाशिवाय काही आणलेच नव्हते. नेहमी पहिला येणारा मुलगा एका परीक्षेत दुसरा आला की घरात चूल पेटत नाही, आणि शेजारचा काठावर पास झाला की पेढे वाटतात. शिक्षकांना हे सांगायला नको. अशी मुले त्यांनी दरवर्षी पाहिलेली असतात.

क्लॉडियस रोमनंतर ऑलिंपिक खेळले नाहीत. तीन सुवर्ण आणि एक रौप्य, ही त्यांची कमाई. हॉकीत चार ऑलिंपिक पदके मिळवणारा दुसरा भारतीय म्हणजे त्यांच्याच संघातले उधमसिंग. २०१२ साली डिसेंबरमध्ये कलकत्त्याला क्लॉडियस वारले.

बाकीच्यांची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने भारताला पुन्हा, आणि या वेळी २-० असे हरवले. म्हणजे रोमचा निकाल हा योगायोग नव्हता हे सिद्ध झाले. मग आले १९६४ चे टोकियो ऑलिंपिक. रोमच्या उपांत्य सामन्यात जखमी झालेले चरणजितसिंग आता कर्णधार होते. पृथीपालसिंग होते, मोहिंदरलाल, जोगिंदरसिंग, जॉन पीटर, उधमसिंग होते. नव्या मंडळींत बेळगावचे बंडू पाटील होते. हा संघ पूर्वीसारखा दिमाखात गेला नाही. स्पेनशी १-१, जर्मनीशी १-१ अशी बरोबरी पत्करत, अडखळत, सावरत तो पुढे सरकला. सामना बरोबरीत असताना घाबरायचे नाही, हे त्याला आता ठाऊक झाले होते. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियावर ३-१ असा विजय मिळवून २३ ऑक्टोबर १९६४ रोजी तो अंतिम सामन्याला उभा राहिला. समोर पुन्हा पाकिस्तान.

उत्तरार्धात मोहिंदरलाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. १-०. आणि मग रोमला जे पाकिस्तानने केले होते ते भारताला करायचे होते. उरलेला वेळ तो एक गोल राखायचा. पाकिस्तानचे हल्ल्यावर हल्ले आले. गोलात तोच महूचा बँडवाला उभा होता. एकही चेंडू त्याने आत जाऊ दिला नाही.

शंकर लक्ष्मण पुढे १९६६ च्या आशियाई स्पर्धेत भारताचे कर्णधार झाले आणि तेथेही सुवर्णपदक आणले. १९६४ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, १९६७ साली पद्मश्री. मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून ते १९७९ साली निवृत्त झाले आणि महूला परत गेले. तेथेच २००६ साली पायाच्या दुखण्याने त्यांचे निधन झाले. मेलबर्न, रोम आणि टोकियो अशा तीन ऑलिंपिकांच्या अंतिम सामन्यांत ते पाकिस्तानसमोर गोलात उभे राहिले होते. त्या तिन्ही सामन्यांत मिळून त्यांच्यावर गोल झाला तो एकच, नसीर बुंदा यांनी रोमला केलेला.